चढावर टिकेल अशी सायकल

गोळप, रत्नागिरी
१० नोव्हेंबर २०२४

ती. अभयमामास,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या सोयीने ऐकतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय फोनवर मोठ्याने बोलले की आईला ऐकू जातं, आणि ही गोष्ट तिला इतक्यात कळायला नको.

मला सायकल घ्यायची आहे.

ऋत्विकचं जे झालं त्यानंतर आमच्या घरात सायकल हा शब्दसुद्धा कोणी काढत नाही, हे तुला माहीत आहे. दीड वर्ष होऊन गेलं. आता तो भिंत धरून पडवीपर्यंत येतो. बोलतो, पण एकेक शब्द चिखलातून ओढून काढल्यासारखा. परवा बाजारात एका माणसाने त्याला दारू प्यायलेला समजून बाजूला ढकललं. उन्हाने लहान मेंदूला इजा झाली की तोल कायमचा जाऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा मला वाटलं, कायमचा म्हणजे काही महिने.

असो. लॅबमध्ये मला सकाळची पाळी लागली आहे आणि त्या वेळेला गोळपहून बस मिळत नाही. रोजची ये-जा, बाजारहाट, आणि सुट्टीच्या दिवशी लांब कुठेतरी, मालगुंड, जमलं तर त्याही पुढे, हे सगळं एकाच सायकलवर व्हायला हवं. आणि ती वेगाने जाणारी हवी. तू आयुष्यभर सायकली जुळवल्यास, तेव्हा तूच निवड. उत्तर लॅबच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
शमिका

*

पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. शमिकास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी बंद केलेली हत्यारांची पेटी उघडून बसलो. तुझी मामी म्हणाली, आता याला जेवणाचंही भान राहायचं नाही.

पण बाई, 'वेगाने जाणारी' म्हणजे काय? लोक सायकल निवडायला येतात आणि आधी रंग सांगतात, मग वेग. मी त्यांना विचारायचो, तुझा रस्ता कसला आहे ते सांग. तुलाही तेच विचारतो. खड्डे किती? चढ कुठे? पाठीवर ओझं घेणार की कॅरिअरवर? पावसात चालवणार का? उभी कुठे राहणार, आडोशाला की खाऱ्या वाऱ्यात? आणि तुझी उंची, पायाची लांबी मोजून कळव. मापात नसलेली सायकल म्हणजे दुसऱ्याची चप्पल.

एक सुचवतो. रत्नागिरीत त्या रितेशचं दुकान आहे ना, ऋत्विकच्या सायकल क्लबाचा प्रमुख? माप घ्यायला तरी तिथे जाऊन ये. हॉस्पिटलात भेटला होता मला. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, मी त्याला सारखं पाणी पी म्हणत होतो. तो म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, मी येतो." डोळ्यांत पाणी होतं पोराच्या. सभ्य वाटला.

ऋत्विकला माझी आठवण सांग.

तुझा,
अभयमामा

*

रत्नागिरी
२९ नोव्हेंबर २०२४

ती. मामास,
सप्रेम जय भीम.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. आरोही नावाची मैत्रीण आहे, तिने टेप धरली. रितेशच्या दुकानातून मला काही घ्यायचं नाही. का, ते आत्ता विचारू नकोस.

रस्ता सांगते. गोळपच्या सड्यावरून, त्या उघड्या कातळमाळावरून निघायचं, भाट्याच्या उतारावर ब्रेक जपत खाली यायचं, मग पुलावर समुद्राचा वारा अंगावर. परत येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा. डांबर गुळगुळीत आहे तिथे छान, पण पावसाळ्यानंतर कडा खाल्लेल्या असतात आणि लाल खडी पसरलेली. डबा, पाणी, लॅबचा कोट, येताना भाजी, एवढं ओझं. पावसातही जाणार.

तरी मला ती शर्यतीची बारीक टायरवाली हवी आहे, खाली वाकून चालवायची. एक नेमकं सांग. कार्बनची महागडी सायकल घेतलेला, रोजचा सराव असलेला पुरुष लांब चढावर असेल, तर त्याला मागे टाकता येईल अशी कोणती?

तुझी,
शमिका

*

पुणे
२० डिसेंबर २०२४

चि. शमिकास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझी सायकल ट्रान्सपोर्टने निघाली आहे. पैशाचं काही बोलायचं नाही. मामा आहे मी तुझा.

तू मागितलीस ती पाठवलेली नाही. शर्यतीची सायकल तुझ्या लाल खडीवर दर आठवड्याला पंक्चर होईल, आणि तिला डबा अडकवायला भोकसुद्धा नसतं. ही पोलादी फ्रेमची आहे. कार्बनपेक्षा जड, पण रस्त्याचे हादरे पिते, मनगटापर्यंत येऊ देत नाही. खाऱ्या हवेला पोलाद गंजतं, म्हणून फ्रेमच्या आतून तेल फिरवून दिलं आहे. दर पावसाळ्याआधी तू फिरवायचंस. हँडल शर्यतीसारखंच खाली वळलेलं आहे, वारा समोरून आला की खालच्या वळणाला धर. टायर अंगठ्याहून बरेच रुंद. मडगार्ड आहेत, मागे कॅरिअर आहे, पाण्याच्या बाटल्यांना तीन जागा आहेत. डिस्क ब्रेक आहेत, भाट्याच्या उतारावर पावसात माझी आठवण काढशील.

आता तुझा चढ. मागच्या चाकाला सगळ्यांत मोठी दातेरी चक्री मुद्दाम बसवली आहे. त्या गिअरवर सायकल हळू जाते, पण पाय मोकळा फिरतो, दम उरतो. कार्बनवाले हलकेपणाच्या भरवशावर जड गिअर लावतात आणि सुरुवातीला भुर्रकन जातात. छोट्या चढावर तो तुला हरवेल. लांब चढावर, उन्हात, ओझं घेऊन, तूच वर पोचशील. पण हा पुरुष कोण, ज्याला मागे टाकायचं आहे? लॅबमधला कोणी खोडसाळ?

तुझा,
अभयमामा

*

गोळप
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,
सप्रेम जय भीम.

आईला कळलं. दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तिसऱ्या दिवशी सायकलवर टाकायला जुनं गोधडं आणून ठेवलं. ऋत्विकने पडवीतून हात लांब करून हँडलला हात लावला.

रोज लॅबला सायकलनेच जाते. तू म्हणालास ते खरं, हिच्यावर घाई करावीशी वाटत नाही आणि तरी वेळेत पोचते. कॅरिअरवर भाजी, पिशवीत डबा. रविवारी पावस गावाच्या पुढे जाऊन येते. पाय आता दुखत नाहीत.

मी रितेशच्या क्लबात सामील झाले आहे. त्याने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, म्हणाला, ऋत्विकची ताई आमच्यात आली, हा क्लबाचा मोठेपणा. शाळा-कॉलेजांत तो भाषणं देतो, तिथे तो फोटो दाखवतो. मी त्याच्या मागेच चालवते. तो कुठे गिअर बदलतो, कुठे दम खातो, घोट किती वेळाने घेतो, सगळं मला पाठ झालं आहे. डोळे मिटले तरी त्याची पाठ दिसते. एप्रिलमध्ये क्लबाची मालगुंडची फेरी आहे, आरे-वाऱ्याच्या चढावरून. दरवर्षी असते. हलकं राहायचं म्हणून तो बाटली एकच नेतो.

तुझ्या अनुभवाने सांग, एप्रिलच्या उन्हात पाण्याशिवाय धडधाकट माणूस चढावर किती टिकतो?

तुझी,
शमिका

*

पुणे
११ फेब्रुवारी २०२५

चि. शमिकास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. ती हसायला लागली. म्हणाली, डोळे मिटले तरी त्याची पाठ दिसते, हे आपल्याला कळत नाही का? त्याच्या पाण्याची काळजी आत्तापासून चालली आहे.

लाजू नकोस. मुलगा मला तेव्हाही बरा वाटला होता. तुझ्या आईच्या, प्रेमलाक्काच्या मनाला जड जाईल, कारण त्याच्याच फेरीत आपला ऋत्विक पडला. पण त्याने मुद्दाम तर काही केलं नव्हतं. घाई करू नकोस, एवढंच. आणि पाण्याचं म्हणशील तर तुझ्या सायकलला तीन बाटल्या लागतात. एक त्याच्यासाठी ने.

तुझा,
अभयमामा

*

गोळप
१७ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,

तुझं पत्र मी फाडलं. मग तुकडे गोळा केले, कारण चूक तुझी नाही, मीच काही सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरात आरोही लॅबमध्ये रक्त द्यायला आली होती. ती त्या फेरीत होती. मी नाव विचारलं, तिने माझ्या कोटावरचं आडनाव वाचलं आणि सुई टोचायच्या आधीच रडायला लागली.

ऋत्विक आरे-वाऱ्याच्या चढावर थांबला होता. "तुम्ही पुढे व्हा" असं तो कधीच म्हणाला नाही. तो म्हणाला, "मला चक्कर येतेय, कोणीतरी थांबा." त्याची बाटली रिकामी होती. आरोही थांबायला लागली. रितेश मागे वळून ओरडला, "जो थांबेल तो उद्यापासून क्लबात नाही." त्या वर्षी त्याला वेळ गाठून दाखवायची होती, मालगुंडला कॅमेरेवाले उभे होते. सगळे गेले. आरोहीसुद्धा गेली. माझा भाऊ डांबरावर पडून राहिला, एका टेम्पोवाल्याला दिसेपर्यंत.

आणि आता हा माणूस शाळाशाळांतून सांगतो की पाणी न पिणाऱ्या एका हट्टी मुलाचं काय झालं. ऋत्विकचं नाव घेऊन सांगतो. ऋत्विकला त्या दिवसाचं काही आठवत नाही, म्हणून तो ते खरं मानतो. परवा मला म्हणाला, "ताई, मीच मूर्ख. पाणी प्यायला हवं होतं." हे वाक्य संपायला त्याला किती वेळ लागला असेल, विचार कर.

पोलिसांत जाऊन काय सांगू? कायद्यात कुठे लिहिलंय की थांबलं पाहिजे? आरोही सोडून कोणी बोलणार नाही, तीही घाबरते.

मी त्याच चढावर त्याला दमवणार आहे. बाईच्या मागे राहणं त्याला सहन होत नाही, तो माझ्या मागे जीव तोडून येईल. मग तो थांबेल. आणि मी थांबणार नाही.

शमिका

*

पुणे
२५ फेब्रुवारी २०२५

शमिका,

सायकल परत पाठव.

मी ती तुला कामाला जायला दिली, लांबचं जग बघायला दिली. ऋत्विकबद्दलचं वाचून मलाही त्या माणसाचे पाय तोडावेसे वाटले. हॉस्पिटलात त्याला मी चहा पाजला होता. पण ऊन तुझं ऐकणार नाही. तुला जेवढं हवं तेवढंच करून ते थांबत नाही. ऋत्विकच्या वेळी थांबलं का?

आरोहीला घेऊन माझ्याकडे ये. तिच्याकडून सगळं ऐकतो, मग आपण तिघं रत्नागिरीला त्याच्या दुकानात जाऊ आणि तोंडावर विचारू.

सायकल पाठव. नाहीतर मी येतो.

अभयमामा

*

गोळप
१५ एप्रिल २०२५

ती. मामास,
सप्रेम जय भीम.

तू येणार होतास आणि मामीच्या ऑपरेशनमुळे येऊ शकला नाहीस, हे आईने सांगितलं. तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आता सगळं सांगते.

परवा रविवारी फेरी झाली. आई जयंतीच्या तयारीत होती, तिला वाटलं मी लॅबला गेले. आरेच्या किनाऱ्यावर सगळे सरबत प्यायला थांबले. मी नाही थांबले. रितेशजवळून जाताना म्हटलं, "मी पुढे होते, तुम्ही या सावकाश." झालं. तो सायकलवर बसला.

पहिल्या चढावर तो मला ओलांडून गेला, तू म्हणालास तसाच भुर्रकन. दुसऱ्या चढाला मी मोठ्या चक्रीवर गिअर टाकला आणि त्याच्या मागून निघाले, पाय मोकळे ठेवून. तो मागे बघायचा आणि उभा राहून पायडल मारायचा. त्याची बाटली केव्हाच संपली होती. वळणावर मी त्याच्या बाजूने पुढे गेले तेव्हा त्याचा चेहरा जांभळा झाला होता, आणि घाम येणं बंद झालं होतं. मामा, मी लॅबमध्ये काम करते. घाम बंद होणं म्हणजे काय ते मला कळतं.

तो रस्त्याच्या कडेला बसला. म्हणाला, "शमिका, पाणी दे." माझ्या सायकलला तीन बाटल्या होत्या, दोन भरलेल्या. त्याला दिसत होत्या. मी म्हटलं, "जो थांबेल तो उद्यापासून क्लबात नाही."

त्याला कळलं. मी निघाले.

थोडं वर एक घर आहे. अंगणात एक बाई काजूच्या बिया वाळत घालत होती. मला म्हणाली, "पानी हवा काय गो?" मी मान हलवून नको म्हटलं आणि पुढे गेले.

मालगुंडला बऱ्याच वेळाने बाकीचे आले. विचारलं, रितेश कुठे? मी म्हटलं, "तो म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, मी येतो." ते वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. आरोही माझ्याकडे बघत राहिली. मग ती कोणाची तरी मोटरसायकल घेऊन मागे गेली, आणि तिचा फोन आला की तो तिथे नाही.

हे मी हिशोबात धरलं नव्हतं. मला वाटलं होतं मागून येणाऱ्यांना तो दिसेल, तोंड लपवत बसलेला. पण तो भ्रमात उठून सायकल ओढत सड्यावर शिरला होता आणि एका गडग्यापलीकडे, दगडी बांधाआड पडला होता. रस्त्यावरून दिसत नव्हता. सगळे त्याच्या बाजूने निघून आले.

सगळे त्याला शोधत होते तेवढा वेळ मी मालगुंडला सायकल धरून उभी होते. मला भीती वाटली. खोटं लिहीत नाही, त्या भीतीच्या खाली समाधानही होतं.

त्या अंगणातल्या बाईनेच त्याला शोधलं. तिच्या बकऱ्या तिकडे गेल्या होत्या. तो दोन दिवस हॉस्पिटलात होता. धड आहे. बोलतो, चालतो.

शमिका

*

पुणे
२३ एप्रिल २०२५

चि. शमिकास,

तुझं पत्र घडी करून ठेवलं आणि परत उघडलं, असं किती वेळा केलं कोण जाणे.

शाबासकी हवी असेल तर माझ्याकडे नाही. शिव्याही देता येत नाहीत, कारण तो माणूस गडग्याआड पडलेला माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं मी चाकं सरळ केली, मला वाटायचं मीही सरळ आहे.

तो आता तक्रार करेल. तयारी ठेव. आणि एक विचारतो. हे सगळं ज्याच्यासाठी केलंस, त्याला सांगितलंस का?

तुझा,
अभयमामा

*

गोळप
८ मे २०२५

ती. मामास,
सप्रेम जय भीम.

त्याने तक्रार केली नाही. करता आली नाही. त्याने क्लबाची सभा बोलावली, मला काढून टाकायला. सगळे आले होते, काहींचे आईवडीलसुद्धा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "उन्हात बसलेला माणूस पाणी मागतोय आणि त्याला सोडून पुढे जायचं, हा सरळसरळ खून आहे."

पुढे काही बोलायच्या आत आरोही उठली. म्हणाली, "मग दोन वर्षांपूर्वी आपण काय केलं?"

तो म्हणाला, "ती गोष्ट वेगळी." एकाच्या वडिलांनी विचारलं, कुठली गोष्ट? मग आरोहीने सांगितलं. तिच्यानंतर अजून दोघांनी सांगितलं. रितेश सगळ्यांकडे बघत होता, कोणीतरी नाही म्हणेल म्हणून. कोणी म्हणालं नाही. मी खुर्चीत बसून पाहत होते, आणि मामा, ते पाहणं गोड होतं. क्लब मोडला. शाळा त्याला बोलावत नाहीत. दुकान उघडं असतं, पण आत कोणी दिसत नाही.

मग मी त्या बाईंकडे गेले. हौसा त्यांचं नाव. वाटलं, आभार मानावेत. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "वाटंनं गेलीस ती तूच ना गो? सांगतीस तर मी तवाच गेली असती." एवढंच. रागाने नाही म्हणाल्या. मग काजूगर दिले हातावर. ते मी तसेच पिशवीत घालून घरी आणले.

ऋत्विकला मी सांगितलं. त्याच्यावर किती अन्याय झाला ते आधी, आणि मी काय केलं ते नंतर. वाटलं होतं तो रडेल, निदान माझा हात धरेल. तो उठला, भिंत धरून आत गेला आणि दार लावून घेतलं. आठवडा झाला, माझ्याशी बोलत नाही. तुला लिहायचंय, असं आईला सांगत होता. तूच विचार त्याला.

तुझी,
शमिका

*

गोळप
१९ मे २०२५

प्रिय मामा,
जय भीम.

माझं हस्ताक्षर आता मलाच वाचता येत नाही, म्हणून टाइप करतोय. एका बोटाने. दोन दिवस लागले.

ताईवर मी रागावलोय. का, ते तिला कळत नाही. तिला वाटतं, मला रितेशची दया आली. दया नाही आली. तो दोन दिवसांत बरा झाला, याचं मला वाईट वाटलं. हे आईला सांगू नकोस.

दोन वर्षं मी स्वतःला मूर्ख समजत होतो. ताईला ऑक्टोबरपासून माहीत होतं. आरोहीला पहिल्या दिवसापासून. तुला फेब्रुवारीत कळलं. मला मे महिन्यात. माझा राग तुम्ही सगळ्यांनी वापरून संपवला आणि मग मला सांगितलं. त्या सभेत माझी खुर्ची असायला हवी होती. मला बोलायला वेळ लागतो, म्हणून सगळे माझ्या वतीने बोलतात. त्या दिवशी रितेशला थांबावं लागलं असतं, माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत. सगळ्यांना थांबावं लागलं असतं.

ताईने माफी मागितली. मी म्हटलं, माफी नको, मामाचा पत्ता दे.

मला सायकल हवी आहे. तू ताईला विचारलेले प्रश्न तिने मला वाचून दाखवले, म्हणून आधीच उत्तरं देतो. तोल नाही, तेव्हा तीन चाकं. पायांत जोर आहे, दिशा नाही, म्हणून पाय पायडलला पट्ट्याने बांधता यायला हवेत. ब्रेक दोन्ही हातांनी, कारण कुठला हात ऐकेल सांगता येत नाही. भाट्याचा चढ मला जमणार नाही. सायकल शहरात आरोहीच्या घरी राहील, आणि मी बसने तिथपर्यंत जाईन. ताई सोबत येईल, पण मागे राहील, असं कबूल करून घेतलंय. रोज फिजिओथेरपीला जायला वापरीन. पुढे जमलं तर लांबही जाईन.

फिजिओथेरपीची वाट रितेशच्या दुकानासमोरून जाते. दुसरीही वाट आहे. मी हीच घेणार. त्याला काही करणार नाही. बोलणारसुद्धा नाही. त्याने फक्त काउंटरमागून बघायचं, रोज, आणि मी दिसेनासा होईपर्यंत बघायचं.

म्हणून मामा, वेगाचं काही मनावर घेऊ नकोस. सगळ्यांत लहान गिअर बसव. तुझ्याकडे असेल नसेल तेवढी हळू जाणारी सायकल दे.

तुझा,
ऋत्विक